नवे टायर टाकूनही तीच बोंब का? टायरचं लेबल वाचायचं कसं

दर पावसाळ्याच्या तोंडावर कुणाचा ना कुणाचा हाच मेसेज येतो. चारही टायर नवे टाकले, खिसा चांगलाच हलका झाला, आणि आता ॲव्हरेज पडलंय, नाहीतर गाडीत घूं-घूं आवाज भरलाय, नाहीतर पहिल्याच पावसात सिग्नलला ब्रेक मारला तर गाडी झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन थांबली. सोबत लेबलचा फोटो आणि खाली प्रश्न, "यावर तर ए लिहिलंय, मग असं का?"

बहुतेक वेळा टायर खराब नसतोच. तो ए पण खरा असतो, फक्त तो एका गोष्टीचा असतो आणि तुमची तक्रार भलत्याच गोष्टीची असते. लेबल, बर्फाच्या खुणा सोडल्या तर, मुळात तीनच गोष्टी सांगतं, इंधन, ओल्या रस्त्यावरचा ब्रेक आणि बाहेर पडणारा आवाज, आणि त्याही नव्याकोऱ्या टायरवर, ठरलेल्या हवेला, ठरलेल्या वजनाखाली मोजलेल्या. टायर किती टिकेल, खड्ड्यात किती सहन करेल, कोरड्या घाटात वळणावर कसा धरेल, गाडीत किती शांत वाटेल, यातलं काही त्या स्टिकरवर नसतं. त्यामुळे आधी आपली तक्रार नेमकी काय आहे ते ठरवायचं आणि मग लेबलवर तिची खूण आहे का ते बघायचं. नसेल तर लेबलशी भांडण्यात अर्थ नाही, दुसरीकडे शोधायचं.

हातात कुठलं लेबल आहे ते आधी ओळखा

लोक "लेबल" म्हणतात तेव्हा तीन-चार वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते.

एक म्हणजे युरोपचं लेबल. वर कंपनी आणि साइज, कोपऱ्यात क्यूआर कोड, मग डावीकडे पेट्रोल पंपाचं चित्र आणि हिरव्यापासून लालपर्यंत ए ते ई अशी उतरंड, उजवीकडे पावसाच्या ढगाचं चित्र आणि पुन्हा ए ते ई, खाली आवाजाचा डेसिबलचा आकडा आणि त्याला ए, बी, सी पैकी एक अक्षर. हे आत्ताचं रूप १ मे २०२१ पासूनचं. त्याआधी २०१२ च्या नोव्हेंबरपासून जे लेबल होतं त्यावर ए ते जी अशी अक्षरं होती आणि आवाजासाठी तीन काळ्या लहरी होत्या. ऑनलाइन विक्रीच्या पानांवर जुन्या लेबलचे फोटो अजून पडून असतात, त्यामुळे लहरी काळ्या आणि उतरंड जी पर्यंत दिसली की समजायचं हा जुना फोटो आहे. कारच्या टायरसाठी जुन्या लेबलवर डी ची जागा रिकामीच ठेवली होती, म्हणून जुन्यातला ई हा आत्ताच्या डी च्या जागी येतो. दोन टायर शेजारी ठेवून तुलना करताना एकाचा फोटो जुना आणि दुसऱ्याचा नवा असेल तर नसता घोळ होतो, आणि असा घोळ करून भांडणारे लोक भरपूर आहेत.

दुसरं आपल्याकडचं बीईईचं स्टार लेबल. फ्रिज आणि एसीला स्टार देणारी केंद्राची तीच संस्था टायरलाही स्टार देते. इथे जास्त स्टार म्हणजे चांगलं, पण ते स्टार इंधन बचतीचे आहेत. पाच स्टार बघून "पावसाला एक नंबर" असं कुणी दुकानात सांगत असेल तर तो त्याच्या मनचं सांगतोय. हे लेबल दुकानातल्या प्रत्येक टायरवर दिसेल असंही नाही.

तिसरं म्हणजे साइडवॉलवरच, टायरच्या बाजूच्या भिंतीवर, कोरलेलं ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेंपरेचर. ही अमेरिकेची पद्धत, स्टिकर नाही, रबरातच उठवलेलं असतं. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टायरवर ते दिसतं, कारण तोच साचा निर्यातीलाही चालतो. त्याचं पुढे सांगतो.

आणि आयएसआय मार्क, तो तर बंधनकारकच आहे, तो बघून टायर "चांगला" ठरवता येत नाही, नसेल तर मात्र दुकानातून बाहेर पडा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये अधिसूचना काढून कार, हलके ट्रक आणि ट्रक-बस यांच्या टायरना रोलिंग रेझिस्टन्स (पळताना लागणारी ओढ), वेट ग्रिप (ओल्यातली पकड) आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा लागू केल्या, मानक एआयएस-१४२. म्हणजे आता इथेही या तीन गोष्टी तपासल्या जातात. पण ते पास-नापास आहे. काठावर पास झालेला आणि पैकीच्या पैकी घेतलेला दोघं दुकानात शेजारीच लटकलेले असतात आणि तुम्हाला कळायला मार्ग नसतो, म्हणून तर ग्रेडचं लेबल लागतं.

"पावसात घसरतोय, आणि लेबलवर तर वेट ग्रिप ए"

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात आधी बघायची खूण हीच, ढगवाली. कोकणात नाहीतर घाटमाथ्यावर राहणाऱ्याने तर दुसरं काही बघितलं नाही तरी चालेल, हे बघावं. पण ती खूण काय मोजते ते समजून घ्या.

कारच्या टायरची वेट ग्रिप चाचणी म्हणजे ओल्या, साधारण एक मिलिमीटर पाणी असलेल्या रस्त्यावर सरळ जाताना ८० च्या वेगातून ब्रेक मारायचा आणि ठरवून दिलेल्या एका संदर्भ टायरशी तुलना करायची. सरळ रेषेत. वळण नाही, साचलेलं पाणी नाही, झिजलेला टायर नाही. या मोजणीत ग्रेडचा फरक मात्र खरोखर मोठा आहे. जुन्या लेबलच्या काळात युरोपियन कमिशनने दिलेला आकडा असा होता की ८० च्या वेगाला चारही टायर ए चे आणि चारही एफ चे यांच्या थांबण्याच्या अंतरात १८ मीटरपर्यंत फरक पडू शकतो. १८ मीटर म्हणजे चार गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तरी वर जागा उरते. एका ग्रेडने खाली आलात तर तीन ते सहा मीटर धरून चाला. पाचशे रुपये वाचवायला बी सोडून डी घेणाऱ्यांनी हा हिशोब करावा.

आता ए असूनही घसरतो त्याची कारणं.

एक, तुम्ही घसरत नाही आहात, तरंगताय. जोराच्या पावसात हायवेला चाकांच्या रुळलेल्या पट्ट्यांत पाणी साचतं, ते एक मिलिमीटर नसतं, चांगलं बोटाच्या पेरापर्यंत असतं, आणि खाचांतून ते बाहेर फेकायला टायरला वेळच मिळाला नाही की चाक पाण्यावर चढतं. स्टिअरिंग एकदम हलकं होतं, हीच ती वेळ. हे लेबलवर नाही. हे ठरतं तुमचा वेग, खाचांची खोली, हवा आणि टायरची रुंदी यांवर. रुंद टायर टाकून "आता ग्रिप वाढली" म्हणणाऱ्यांना साचलेल्या पाण्यात उलटा अनुभव येतो, कारण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि त्याचा दाब जास्त जागेवर पसरलेला असतो.

दोन, टायर अगदी नवा आहे. साच्यातून टायर सुटावा म्हणून कारखान्यात वापरलेल्या द्रव्याचा पातळ थर वरच्या कातडीवर राहतो आणि रबराची ती चकचकीत कातडी घासली जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने घ्या. टायर टाकून त्याच संध्याकाळी आंबोलीला निघायचं असेल तर निदान ही गोष्ट डोक्यात ठेवून निघा.

तीन, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं, दोनच टायर नवे टाकलेत आणि ते पुढे लावलेत. आपल्याकडे जवळपास प्रत्येक दुकानात हेच करतात, "पुढच्या चाकांवर लोड असतो, स्टिअरिंग असतं, नवे पुढेच हवेत". टायर कंपन्या मात्र उलटं सांगतात, जास्त खाच असलेले टायर मागे. कारण ओल्यात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ पुढे जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा परत हातात येते, पण मागची सुटली तर गाडी शेपूट फिरवते आणि तुमच्या-माझ्यासारख्या साध्या ड्रायव्हरला ते सावरत नाही. टायरवाल्याला सांगा नवे मागे लाव म्हणून. तो तुमच्याकडे बघून हसेल, हसू दे.

चार, ए होता, आता नाही. ग्रेड नव्या टायरचा. कायद्याने कारच्या टायरला १.६ मिलिमीटर खाच पुरते, खाचेच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात, टीडब्ल्यूआयचे म्हणजे झीज दाखवणारे, ते नक्षीच्या पातळीला आले की झालं, टायर कायद्यानेच संपला. पण पावसाळ्यासाठी मी तिथपर्यंत थांबायला सांगणार नाही, मेच्या शेवटी ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर जूनआधी बदला आणि मोकळे व्हा.

"ॲव्हरेज पडलं"

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि यात अर्ध्या वेळा काही झालेलंच नसतं, त्यामुळे जरा सविस्तर.

पंपाच्या चित्रापुढचं अक्षर म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे सरकला की परत फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यात रबर गरम होतं, ती उष्णता तुमच्या पेट्रोलमधून आलेली असते. मोजणी प्रयोगशाळेत मोठ्या फिरत्या ड्रमवर होते आणि आकडा येतो दर टन वजनामागे किती किलो ओढ लागते असा. कारच्या टायरला ६.५ पर्यंत ए, ७.७ पर्यंत बी, ९ पर्यंत सी, १०.५ पर्यंत डी आणि त्यापुढे ई.

आता तुम्ही जुने गोटा झालेले टायर काढून नवे टाकले. जुन्या टायरवर रबर कमी, म्हणजे दबायला-फुगायला माल कमी, म्हणजे ओढ कमी. झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका पळतो, मग नव्याचा ग्रेड बी असो नाहीतर सी. त्यामुळे नवे टाकल्यावर ॲव्हरेज थोडं खाली येणं हे ठरलेलंच आहे.

त्यावर कडी म्हणजे ओडोमीटर. १८५/६५ आर१५ हा टायर घ्या, नव्याचा व्यास येतो ६२१.५ मिलिमीटर. वरची सहा मिलिमीटर नक्षी झिजली की व्यास ६०९.५. म्हणजे झिजलेलं चाक तेवढ्याच रस्त्याला सुमारे दोन टक्के जास्त फेरे मारतं आणि मीटर तेवढे जास्त किलोमीटर दाखवतो. मीटरवर २० चं ॲव्हरेज दिसत होतं ते नवे टायर टाकल्यावर १९.६ दिसणार, पेट्रोलचा एक थेंबही जास्त न जळता. मोठा साइज टाकला असेल तर हा फरक अजून वाढतो. याच गाडीला १९५/६५ आर१५ टाकला तर व्यास ६३४.५, अजून दोन टक्के गेले, आणि मग लोक म्हणतात कंपनी बदलली म्हणून झालं.

कंपनीतून आलेल्या टायरशी तुलना करत असाल तर अजून एक. गाडी बनवणारे नव्या गाडीला सहसा कमी ओढीचे टायर मागून घेतात, मायलेजचा आकडा चांगला यायला हवा ना. तुम्ही नंतर दुकानातून जास्त पकडीचा घेतला तर तो जास्त ओढ घेणारच. आणि ते वाईट नाही हो. पकड आणि हलकं पळणं यांचं थोडं वाकडं आहे, पकडीसाठी रबराने रस्त्याच्या बारीक खडबडीत भागात ऊर्जा जिरवायला हवी आणि पळताना मात्र जिरवायची नाही. नव्वदच्या दशकात रबरात काजळीऐवजी सिलिका घालायला लागले तेव्हापासून दोन्ही बऱ्यापैकी जमतं, पण दोन्हीकडे ए असलेला टायर महागच असतो आणि प्रत्येक साइजला मिळतोच असं नाही. मिळत नसेल तर मी ढगाकडे बी आणि पंपाकडे सी घेईन, उलटं नाही.

एवढं सगळं सोडून खरंच तीन-चार किलोमीटरने ॲव्हरेज पडलं असेल तर लेबल बाजूला ठेवा आणि हवा बघा. नवा टायर रिमवर बसवताना तो कडेला नीट बसावा म्हणून दुकानात हवा जास्त मारतात, नंतर अंदाजाने काढतात. ड्रायव्हरच्या दारालगतच्या खांबावर कंपनीचा दाब लिहिलेला असतो, सकाळी गाडी गार असताना तोच भरा, टायरवाल्याच्या "सगळ्यांना ३५ मारतो" वर जाऊ नका. मग अलाइनमेंट. चाकं एकमेकांकडे बघत असतील तर ए ग्रेडचा टायरसुद्धा घासत घासत पळणार.

"गाडीत आवाज वाढला, लेबलवर ६९ डेसिबल आहे"

तो ६९ तुमच्यासाठी नाहीच आहे, तो रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसासाठी आहे. चाचणीत इंजिन बंद करून गाडी ८० च्या आसपास नुसती सोडून देतात आणि गाडीच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या माइकने आवाज मोजतात. काचा बंद करून आत बसलेल्या माणसाला काय ऐकू येतं त्याच्याशी याचं नातं लांबचं आहे, कारण आत येणारा बराच आवाज चाकातून, सस्पेन्शनमधून, पत्र्यातून थरथरत येतो, आणि तो गाडीगणिक वेगळा.

आकड्यामागचं अक्षरही रुंदीनुसार ठरतं. १८५ पर्यंतच्या रुंदीला मर्यादा ७० डेसिबल, त्यावर २४५ पर्यंत ७१. म्हणजे ७१ चा टायर अरुंद असला तर मर्यादेच्या वर म्हणून सी आणि जरा रुंद असला तर मर्यादेत म्हणून बी. शिवाय डेसिबल सरळ मोजपट्टीसारखा वाढत नाही, ३ ने वाढला म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. ६८ आणि ७१ हे कागदावर जवळ दिसतात, प्रत्यक्षात नाहीत.

मग आतल्या आवाजाचं करायचं काय? आधी रस्ता बदलून बघा. डांबरी रस्त्यावर गप्प आणि एक्सप्रेसवेच्या नाहीतर समृद्धीच्या काँक्रीटवर घोंघावतोय, तर तो टायर-रस्ता जोडीचा आवाज आहे, सवय होईल. रस्ता कुठलाही असो एकसारखा घूं-घूं येतोय आणि मोकळ्या रस्त्यावर हलकंसं डावीकडे-उजवीकडे वळवलं की कमी-जास्त होतोय, तर ती बेअरिंग आहे, टायरला उगाच शिव्या घालू नका. नव्वद-शंभरला स्टिअरिंग थरथरतंय पण आवाज नाही, तर बॅलन्सिंग. आणि सहा-आठ महिन्यांनी हळूहळू आवाज चढत गेला असेल तर खाली वाकून नक्षीवरून तळहात फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं हाताला लागलं की समजायचं ठोकळ्यांच्या कडा तिरक्या झिजल्यात, अलाइनमेंट बिघडलंय किंवा टायर जागा बदलून फिरवलेच नाहीत. हे मागच्या चाकांवर जास्त होतं आणि मागचं कोण बघतंय.

"ए होता मग ३० हजार किलोमीटरातच कसा संपला?"

कारण टिकाऊपणा युरोपच्या लेबलवर नाही, स्टारमध्ये नाही, कुठेच नाही. युरोपच्या २०२० च्या नियमात लिहून ठेवलंय की मोजायची योग्य पद्धत तयार झाली की झीज आणि आयुष्य लेबलवर आणायचं. तोपर्यंत उरतं ते अमेरिकेचं ट्रेडवेअर.

माझ्या मावसभावाला एका दुकानात "ट्रेडवेअर ५०० आहे, म्हणजे ५० हजार किलोमीटर गॅरंटी" असं सांगून टायर दिले. असं काही नसतं. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा ७२०० मैल पळवतात, तुमचा टायर आणि संदर्भ टायर सोबत, आणि संदर्भ टायर १०० धरून गुणोत्तर काढतात. पुढे आकडा छापते ती कंपनी स्वतः, आणि कमी छापायला तिला कुणी अडवत नाही. त्यामुळे एकाच कंपनीचा ३०० आणि ५०० यांत ५०० वाला जास्त चालेल हे मानायला हरकत नाही, पण या कंपनीचा ४०० आणि त्या कंपनीचा ४२० यावरून काही ठरवू नका. सोबतचं ट्रॅक्शनचं अक्षर, एए, ए, बी, सी, तेही सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकचंच, वळणाचं किंवा साचलेल्या पाण्याचं नाही. टेंपरेचरचं अक्षर उष्णता सोसण्याचं. नागपूर-मुंबई मे महिन्यात एका दमात पळवणाऱ्याने ते ए आहे का बघावं, आणि निघण्याआधी हवा, कारण कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटण्याची सुरुवात तिथूनच होते.

त्या मावसभावाचे टायर ज्या दुकानातून घेतले त्याचं नाव इथे नको, पण तिथेच अजून एक गंमत बघितली. टायर बसवायच्या आधी पोरगा नक्षीवरचे सगळे स्टिकर टराटरा ओढून काढतो आणि कचऱ्यात टाकतो. लेबल असलं तरी तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत ते गेलेलं असतं. टायर मशीनवर चढायच्या आधी जाऊन फोटो काढा, लेबलचा आणि साइडवॉलचा.

लेबलच नसेल तर

भारतात हे जास्त वेळा होणार. अशा वेळी साइडवॉलवर गोलात किंवा चौकोनात ई आणि शेजारी आकडा शोधा, म्हणजे युरोपच्या मान्यतेचा शिक्का. त्याच्या नंबरामागे एस२डब्ल्यूआर२ असं काही असेल तर आवाज, वेट ग्रिप आणि रोलिंग रेझिस्टन्स या तिन्हींत तो टायर दुसऱ्या टप्प्याच्या मर्यादेत बसलाय. हेही पास-नापासच, पण लिहिलेलं नसण्यापेक्षा बरं.

ग्रेड हवाच असेल तर युरोपची एप्रेल नावाची सरकारी नोंदवही सगळ्यांना खुली आहे, लेबलवरचा क्यूआर तिथेच नेतो, साइज टाकूनही शोधता येतं. आपल्या कंपन्याही युरोपात विकतात, त्यामुळे बरीच ओळखीची नावं सापडतील. दोन सावधगिऱ्या. एकाच मॉडेलचा ग्रेड साइजप्रमाणे बदलतो, १५ इंचीला ए असला म्हणून १४ इंचीला ए असेल असं नाही, तेव्हा आपलाच साइज बघायचा, लोड आणि स्पीडच्या अक्षरासकट. आणि इथे विकला जाणारा टायर त्याच नावाचा असला तरी तोच असेल हे गृहीत धरू नका, ई चा शिक्का आणि पूर्ण नाव जुळलं तरच तो ग्रेड अंदाजासाठी धरा. दुचाकीवाल्यांनी शोधायच्या फंदात पडू नये, हे लेबल दुचाकीच्या टायरना नाहीच, रिमोल्ड केलेल्या कारच्या टायरवरही अजून दिसणार नाही.

ग्रेडच्या नादात लोक ज्या दोन गोष्टी विसरतात त्या साइडवॉलवरच असतात. ८८एच मधला ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८२ असेल तर ४७५. एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९० चा वेग. कंपनीने जे दिलंय त्याच्या खाली लोड इंडेक्स जाऊ द्यायचा नाही, मग टायर कितीही ए असू दे. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड असते, तिथे तर हे फारच बघा, एक्सएल (जास्त वजन पेलणारा) लिहिलेला टायर काढून साधा टाकू नका. आणि साइडवॉलवर डॉट (DOT) लिहिलेल्या नंबराचे शेवटचे चार आकडे, टायर कधी बनला ते सांगणारे, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एक-दीड वर्ष दुकानात नीट पडलेला टायर चालतो. तीन वर्षांपूर्वीचा "नवा" टायर मोठ्या डिस्काउंटवर मिळत असेल तर डिस्काउंट कशाचं आहे ते कळलं.

जर्मनीतल्या आपल्या मंडळींसाठी थोडं. लेबलवर डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल असलेली खूण असते, ती बर्फातल्या चाचणीत पास झाल्याची. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) हे कंपनी स्वतःच लिहिते, त्याला चाचणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी टायर म्हणून फक्त डोंगरवालाच चालतो, एम+एस वर बर्फाळ रस्त्यावर सापडलात तर ६० युरो आणि एक पॉइंट. सेकंडहँड गाडीसोबत आलेल्या टायरवर हे नक्की बघा. बर्फाच्या गोठलेल्या थरासाठीची वेगळी खूणही लेबलवर असते, पण ती स्वीडन-फिनलंडसारख्या ठिकाणच्या टायरची, आणि असे टायर साध्या ओल्या रस्त्यावर बरेचदा खालच्या ग्रेडचे असतात, त्यामुळे स्टुटगार्टच्या पावसाला तो घेऊ नका. इथे थारवर एम+एस बघून खूश होणाऱ्यांनी व्हावं खुशाल, चिखलात त्या नक्षीचा उपयोग होतो, पावसाळी हायवेवरच्या ब्रेकबद्दल ती दोन अक्षरं काहीच सांगत नाहीत.

तुमची तक्रार यात बसत नसेल तर खाली लिहा, पण नुसतं "टायर बेकार आहे" लिहून सोडू नका. गाडी कोणती, पूर्ण साइज लोड-स्पीडसकट, डॉटचे चार आकडे, चारही बदलले की दोन आणि ते कुठे लावले, गार असताना हवा किती, आवाज असेल तर कुठल्या वेगाला आणि वळवल्यावर बदलतो का. स्टेपनीचा साइजही टाका, नवीन चार मोठ्या साइजचे आणि डिकीत जुनाच साइज असं असतं बऱ्याच जणांचं.